तेलाचा पाट आणि तुमचा दगड

यवतमाळ,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

तीर्थरूप फुलसिंगमामांच्या पायांवर डोकं ठेवून बबिताचा नमस्कार आणि जय सेवालाल. (पाय वर घेऊन दगडावर बसला असाल तर आधी खाली सोडा, म्हणजे नमस्कार नीट पोचेल.)

मी इथे बरी आहे. डबा वेळेवर खाते, मशीनजवळ जाताना वेणी आत खोचते, आणि गेल्या आठवड्यात माझं जे दीड किलो वजन कमी झालं होतं ते रविवारी पुसदला एकाच पंगतीत परत आलं (कसं ते पुढे येईल). तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का? आणि तुमचा दगड कसा आहे? हे मी थट्टेनं विचारत नाही. तांड्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या बरोबर मधोमध असलेल्या ज्या दगडावर तुम्ही तीस वर्षं सकाळी तंबाखू मळत बसता, ज्याला रस्ता होतानाही तुम्ही हात लावू दिला नाही आणि ज्याच्या दोन्ही अंगांनी मुरूम टाकून ग्रामपंचायतीला पुढे जावं लागलं, त्या दगडाची चौकशी न करता तुमची एकट्याची केली तर तुम्हाला अर्धीच वाटेल. मामी कशी आहे तेही कळवा. मामीबद्दल मला शेवटी थोडं बोलायचं आहे.

पत्र पाहून घाबरू नका. आपल्या घरी पत्र आलं की ते सरकारीच असतं आणि त्यात काहीतरी तातडीनं नेऊन द्यायचं असतं, हे मला माहीत आहे. पण फोन केला की मामी स्पीकर लावते, आणि मग मी जेवले की नाही हे अख्ख्या तांड्याला कळतं. ही गोष्ट तुम्हाला एकट्याला सांगायची होती म्हणून लिहायला बसले. दोन पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं की तुम्हाला हे हंसाताई वाचून दाखवणार, अंगणवाडीच्या ओट्यावर, आणि तिथे स्पीकरपेक्षा जास्त माणसं असतात. पण दोन पानं फाडायचं जिवावर आलं. तेव्हा हंसाताई, तुम्हाला नमस्कार. ज्या ठिकाणी मी कंसात ‘थांबा’ असं लिहिलं आहे तिथे कृपया थांबा, मामी आसपास आहे का ते बघा, आणि नसेल तरच पुढे जा.

आता मूळ गोष्ट. आमच्या गॅरेजमध्ये जानेवारीत एक गाडी आली. आली म्हणजे ट्रॅक्टरवर चढवून आणली. लाल रंगाची, विलायती, साठ वर्षांची, दोनच सीटांची, वर छप्पर नाही, नाक लांब, आणि उंचीला इतकी कमी की शेजारी बकरी उभी राहिली तर बकरी गाडीकडे वरून पाहते. शर्यतीत पळवायच्या जातीची गाडी. ती डॉक्टर कौसल्याबाईंची. त्यांचे यजमान वणीजवळ राजूरला कोळशाच्या खाणीत साहेब होते. परत जाणाऱ्या एका विलायती इंजिनियरकडून त्यांनी ती घेतली, आणि लग्नानंतर बाईंना त्यात बसवून पुसदला त्यांच्या पहिल्या नोकरीवर सोडायला नेलं. साहेब गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून गाडी उभी. बाईंना या बावीस तारखेला पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आणि त्यांना त्याच गाडीनं, स्वतः चालवत, पुसदला जाऊन परत यायचं होतं. मुलं म्हणाली, विमानानं कुठेतरी जा. बाई म्हणाल्या, पुसदला विमान उतरत नाही.

प्रफुल्ल म्हणून आमचे मोठे मेकॅनिक आहेत. ट्रकचं गिअरबॉक्स एकटे उचलतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हिच्यात बसाले जागा नाही, दुरुस्त कुठून करू? हे बाहुलीचं काम हाय. बबिताले द्या.” सगळे हसले. धर्मपालसर मात्र हसले नाहीत. (सर म्हणजे आमचे मालक. आयटीआयमध्ये मला त्यांनीच शिकवलं. तुम्ही ज्यांना पहिल्या दिवशी ‘पोरगी भित्री आहे पण हात स्वच्छ आहे’ असं सांगून आला होतात तेच.) सरांनी जॉबकार्ड काढलं. हे कार्ड प्रत्येक गाडीचं असतं. त्यावर वर ‘जबाबदार मेकॅनिक’ अशी एक ओळ असते आणि खाली ‘मदतनीस’ अशी एक. दीड वर्षात माझं नाव खालच्या ओळीतून वर सरकलेलं नव्हतं. सर म्हणाले, “वरची ओळ कोरी ठेवतो. गाडी आपल्या चाकानं पुसदले जाऊन वापस आली, का तिथं तुह्या हातानं सही कर. नाही आली तर मी करीन, आन् तू खालीच राह्यशील.” मग जाता जाता म्हणाले की या इंजिनाचा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो जगात कुठे मिळेल की नाही त्यांना ठाऊक नाही. तेवढं सांगून ते चहाला गेले. मला त्या दिवशी चहा गेला नाही.

मामा, इंजिनात तेल कसं फिरतं ते तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर समजेल. इंजिनाच्या पोटाखाली एक पसरट टाकी असते, तिला चेंबर म्हणतात. ती आपली विहीर. त्यातून एक छोटा पंप तेल उचलतो आणि मोठ्या पाटात सोडतो. पाटाला फाटे असतात. तीन फाटे खाली क्रँकच्या बेरिंगांना जातात. ती काळी कसदार वावरं, सगळं पीक तिथे. ती पाच मिनिटं जरी कोरडी पडली तरी संपलं. आणि एक फाटा वर चढतो, इंजिनाच्या डोक्यावर, जिथे टॅपेट टकटक करत असतात. त्यांना लागतं थोडंच. वर गेलेलं तेल मग आपलं आपण गळत खाली विहिरीत येतं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता माझी चूक. तुम्हाला माहीत आहे, मला घाण बघवत नाही. मी इंजिन खोललं, प्रत्येक नट धुतला, प्रत्येक तेलवाटेतून तार फिरवली, प्रत्येक भोकाला नंबर देऊन वहीत लिहिला. सव्वीस नंबरचं भोक म्हणजे वर चढणारा तो फाटा. त्याच्या तोंडाशी काहीतरी घट्ट, काळं, कडक बसलेलं होतं, मधे सुईच्या टोकाएवढं छिद्र. मला वाटलं, एकोणीस वर्षांचा जळका गाळ. आणि मला त्या टॅपेटांची दया आली. आधीच चढण, त्यात वाट बुजलेली, बिचाऱ्यांना तेल मिळणार कसं? साडेतीन तास लावून मी ते ड्रिलनं कोरून काढलं. भोक आरपार उजेड दिसेल इतकं स्वच्छ केलं आणि वहीत लिहिलं, ‘क्र. २६, पूर्ण मोकळे.’ त्याखाली रेघही मारली.

गाडी सुरू झाली तेव्हा सोळा तारीख होती, वाढदिवसाला सहा दिवस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी मागून निळा धूर निघायला लागला, इतका की समोरच्या पंक्चरवाल्यानं दुकान अर्धं बंद केलं. आत एक घड्याळासारखा काटा असतो, तेलाचा दाब दाखवणारा. इंजिन गार असताना तो चाळिसावर होता. इंजिन तापलं तसा तो तीस, वीस, दहा करत चारवर येऊन बसला. मी इंजिन बंद केलं. मग टॅपेटचं झाकण उघडलं, तर वर तेलाचं तळं. खाली विहिरीत मात्र बोटभर.

प्रफुल्लभाऊ म्हणाले बेरिंगं गेली असतील. मला काही सुचेना, तेव्हा मी तेच केलं जे तुम्ही विहिरीवरच्या इंजिनाला करायचात. सरांना विचारून एकदाच, अर्ध्या मिनिटासाठी गाडी सुरू करवली, कापसाची एक वाळकी पऱ्हाटी घेतली, तिचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. (“इंजिनेरबाई इंजनाले दातण करून राह्यल्या,” प्रफुल्लभाऊ. सगळे पुन्हा हसले.) पण मामा, ऐकू आलं. वर डोक्यापाशी आवाज ओला होता, गुळगुळीत. खाली बेरिंगांपाशी कोरडा, तहानलेला. फुटका नाही, नुसता तहानलेला.

आणि तसेच डोळे मिटलेले असताना मला आपलं वावर दिसलं. मी अकरा वर्षांची होते, रब्बीच्या पाण्याआधी सगळा तांडा पाट साफ करायला उतरला होता. आई-बाबा ऊसतोडीला गेलेले, म्हणून आपल्या घरचा फावडा माझ्या हातात. मी इतका पाट साफ केला, इतका साफ केला, की वरच्या वावराच्या तोंडाशी तुम्ही जो छपरावरच्या कवेलूचा भोक पाडलेला तुकडा बसवला होता तोही गाळाबरोबर उचलून बांधावर फेकला. मला वाटलं कचरा. त्या वर्षी वरच्या वावरात बेडकं झाली आणि पाटाच्या शेपटाकडचा आपला हरभरा वीतभर उंचीवर वाळला. तुम्ही मला रागावला नाहीत. मामी रागावली. तुम्ही बांधावरून तो तुकडा शोधून आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणालात, “पोरी, थे घाण नव्हती. थे माप होतं.”

तर मामा, बारा वर्षं शिकून, आयटीआय करून, वही ठेवून, मी तोच कवेलू दुसऱ्यांदा फेकला होता. सव्वीस नंबरच्या भोकात गाळ नव्हता. गाडी बनवणाऱ्यानं वरच्या फाट्याला मुद्दाम बूच घालून बारीक छिद्र ठेवलं होतं, म्हणजे डोकं हावरटासारखं पिणार नाही आणि खालच्यांना पुरेल. मी ते माप कोरून काढलं आणि भुगा केरात टाकला. (केर मी तपासला. दोन तास. त्यातून प्रफुल्लभाऊंची हरवलेली अंगठी मिळाली, बूच नाही.)

मग मी सरांकडे गेले. न सांगता चाललं असतं का? चाललं असतं. भोक आतलं, भुगा केरात, दोष बेरिंगांवर गेला असता. हा विचार मला आला हेही मी सरांना सांगून टाकलं, कारण अर्धंच सांगितलं असतं तर झोप आली नसती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “थे बूच आपोआप पडलं, का तू काढलं?”

“मी काढलं, सर. साडेतीन तास लागले.”

“मंग आता बसव.”

एवढंच. बाहेरून मागवलं तर दोन महिने, वाढदिवस पाच दिवसांवर. धातू कातणाऱ्या खरादवाल्याकडे गेले तर तो लग्नाला गेलेला, कुलूप. लागत होती एक पितळेची नळी, अर्ध्या पेराएवढी, भिंत मजबूत, आणि आत दीड मिलिमीटरचं भोक, ना कमी ना जास्त. मी दुकानं हिंडले. गॅसच्या शेगडीचे भाग पाहिले, फवारणीच्या पंपाचे पाहिले, एका घड्याळवाल्यानं मला हाकललं. शेवटी बुधवारी मला अगदी हवी तशी नळी मिळाली. कुठे मिळाली ते आत्ता विचारू नका. (हंसाताई, थांबा. मामी असली तर खोकल्यासारखं करा आणि पुढच्या ओळीवर जा.) ती मी कानशीनं अंगाबरोबर घासली, रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवली म्हणजे ती आक्रसेल, आणि सकाळी अलगद ठोकून भोकात बसवली. गरम झाल्यावर ती अशी फुगून बसली की आता इंजिनाबरोबरच जाईल. मागून जाडीचा एक कंगोराही ठेवला, न जाणो सरकली तर. झाकण लावलं, तेल भरलं, गाडी चालू केली. धूर नाही. पंक्चरवाला बाहेर येऊन उभा राहिला, त्याला चुकल्यासारखं वाटलं असावं. वीस मिनिटांनी, इंजिन चांगलं तापल्यावर, काटा अठरावर थांबला आणि तिथून हलला नाही. तापलेल्या, जागेवर उभ्या इंजिनाला अठरा म्हणजे मामा, शेपटाच्या वावराला पाणी पोचलं.

रविवारी सकाळी सात वाजता निघालो. डॉक्टरबाई चालवायला, मी शेजारी, मागून जीपमध्ये सर आणि प्रफुल्लभाऊ तेलाचा डबा आणि ओढायचा दोर घेऊन. (दोर मी ठेवायला लावला. मला डॉक्टरबाईंना तो दिसू द्यायचा नव्हता, पण त्या म्हणाल्या, “अजून एक आण, मलाही कधी लागेल.”) बाईंनी पांढरा सलवार-कुडता, डोक्याला रुमाल आणि मोठा काळा चष्मा घातला होता. गाडीत बसलं की रस्ता बुडाखाली वीतभर अंतरावरून पळतो. दारव्ह्यापर्यंत मी त्या काट्याशिवाय काहीच पाहिलं नाही. चाळीस, चाळीस, एकोणचाळीस, मी श्वास धरला, चाळीस. बाईंनी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं माझी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, “गाडीचा दाब उत्तम आहे. तुझा बघायला हवा. पोरी, जरा बाहेर बघ, पळस फुललाय.” मी बघितलं. खरंच फुलला होता. मग लगेच परत काट्याकडे.

दिग्रसला चहाला थांबलो तर शंभर माणसं जमली. कोणी नवरदेवाची गाडी समजलं, कोणी शूटिंग. एका काकांनी तो प्रश्न विचारला जो आपल्याकडे बैलगाडीलाही विचारतील, “किती देते?” बाई म्हणाल्या, “देत नाही. घेते.” मी तेवढ्यात तेलाची पट्टी ओढून पातळी बघितली, पुसली, परत घातली, परत ओढली. एक म्हातारी माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, “पोरगी डॉक्टर हाय, अन् थे बाई डायवर हाय.” बाईंनी हे ऐकलं आणि पुसदपर्यंत मला डॉक्टरसाहेब म्हणाल्या.

खरी परीक्षा पुसदच्या अलीकडच्या घाटात झाली. पुढे कापसानं भरलेला ट्रॅक्टर, इतका फुगलेला की ओलांडायला जागा नाही. मुंगीच्या चालीनं चढायचं, ऊन डोक्यावर, इंजिन तापत चाललेलं. पस्तीस. तीस. सत्तावीस. वळणावर ट्रॅक्टर थांबला कारण त्याच्यापुढे शेळ्या, आणि शेळ्यांना घाई नव्हती. आम्ही चढावर जागच्या जागी उभे. चोवीस. वीस. माझ्या हातातला फडका मी पिळत होते, त्यातून तेल माझ्या नव्या ओढणीवर गळत होतं आणि मला कळत नव्हतं. मी मनात सेवालाल महाराजांना सांगितलं की मी यापुढे काहीही साफ करण्याआधी दोनदा विचारीन. काटा अठरावर आला. आणि थांबला. शेवटची शेळी रस्ता ओलांडेपर्यंत, मामा, तो अठरावरच थांबला. मी मोजलं, साडेसात मिनिटं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा वर केला आणि हॉर्न वाजवला. मागून जीपनं वाजवला. ट्रॅक्टरवाल्यानंही वाजवला, त्याला काय वाटलं कोण जाणे.

पुसदला बाई गाडी थेट त्या जुन्या दवाखान्याच्या फाटकाशी घेऊन गेल्या. फाटकावरचा माणूस म्हणाला इथे फक्त डॉक्टरांच्या गाड्या. बाई म्हणाल्या, “पन्नास वर्षांपूर्वीही तू असंच म्हणाला होतास.” तो म्हणाला, तेव्हा फाटकावर त्याचा बाप होता. मग दोघं थोडा वेळ हसले, आणि बाई स्टिअरिंगवरून सावकाश हात फिरवत राहिल्या. मी त्या वेळी गाडीतून उतरून उगाच चाकाचे नट पाहत राहिले. नंतर त्यांच्या एका जुन्या नर्सबाईंच्या घरी आमची पंगत बसली. मी पुरणपोळ्या मोजल्या नाहीत. प्रफुल्लभाऊंनी मोजल्या, ते म्हणतात नऊ.

संध्याकाळी साडेपाचला गॅरेजच्या दारात गाडी आपल्या चाकांवर उभी राहिली. सरांनी पट्टी ओढली, पुसली, बुडवली, ओढली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली, जसं लग्नात आलेलं लुगडं दाखवतात. तेल जाताना जिथे होतं तिथून तांदळाच्या दाण्याएवढं खाली. सरांनी कार्ड बॉनेटवर ठेवलं. प्रफुल्लभाऊंनी स्वतःच्या खिशातला पेन दिला, आणि म्हणाले, “घ्या, फोरमनबाई.” यावेळी कोणी हसलं नाही. मी वरच्या ओळीत सही केली. हाताला तेल होतं, त्यामुळे सहीशेजारी माझा अंगठाही उमटला. मी दुसरं कार्ड मागितलं. सर म्हणाले, “राहू दे.” मग मीही फार हट्ट केला नाही. माझ्या शाळेच्या, वसतिगृहाच्या, आयटीआयच्या प्रत्येक फॉर्मवर तुमचा अंगठा आहे. या एका कागदावर आपल्या घरची सही आणि अंगठा शेजारी शेजारी आले.

तर तुमची बबिता आता वरच्या ओळीत आहे. हे तुम्ही दगडावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला माझी हरकत नाही. गुडघ्याला तेल लावत जा, पण मापात.

तुमची,
बबिता
(जबाबदार मेकॅनिक)

ता. क. (हंसाताई, थांबा. नीट बघून घ्या.) मामा, ती पितळेची नळी म्हणजे मामीच्या कांचळीवरचा मणी आहे. सेवालाल जयंतीच्या मिरवणुकीसाठी तिनं मला तिच्या लग्नातली कांचळी दिली होती, डाव्या बाहीवरच्या ओळीतले लांबट मणी तुम्हाला आठवत असतील. बुधवारी ती घडी करताना मी सवयीनं एका मण्याच्या भोकात ड्रिलचा दांडा घालून पाहिला, तर बरोबर दीड मिलिमीटर. मी तासभर कांचळीसमोर बसून होते. मग एकच काढला, दोरा गाठ मारून ठेवला. बारा होते, अकरा आहेत. होळीला मामी ती घालणार आणि घालताना मोजणार. तेव्हा तुम्ही तिला आधी हळूच सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. वरचं सगळं प्रस्तावना समजा.

ता. क. दुसरा. पत्र इथेच संपलं असतं, पण जॉबकार्डावर ‘वापरलेले साहित्य’ असाही रकाना असतो, आणि मला तो खोटा भरता येईना. मी लिहिलं, ‘मणी, पितळी, एक नग, मामीच्या कांचळीचा.’ सरांनी ते दोनदा वाचलं आणि डॉक्टरबाईंना दिलं. बाईंनी विचारलं, या मामी कधी गाडीत पुढे बसल्या आहेत का? मी खरं ते सांगितलं, की तिला एसटीतही खिडकी मिळत नाही कारण ती खिडकी तुम्हाला देते. बाई म्हणाल्या, मग येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी येते. मणी जिचा, शेजारची सीट तिची. तुमच्यासाठी जागा नाही, मामा. दोनच सीटा आहेत. मी मागून जीपमधून येते. हंसाताई, आता थांबू नका. मला वाटतं मामी एव्हाना ऐकतच आहे. मामी, चूक माझी आहे, रागाव, पण अकरा मण्यांची कांचळी घालून तयार राहा. बाराव्या मण्याकडेच निघायचं आहे.

ता. क. तिसरा, आणि खरा. मामा, त्या गाडीचं चेंबर, म्हणजे ती तेलाची विहीर, जमिनीपासून आठ बोटं वर आहे. तुमचा दगड जमिनीपासून अकरा बोटं वर आहे. (मी दिवाळीला मोजला होता, तेव्हा उगाचच.) कुठल्याही एका बाजूच्या मुरमावरून अख्खी गाडी जाईल एवढी जागा नाही, दगड दोन चाकांच्या मधेच घ्यावा लागेल. चेंबर त्यावर आदळलं तर सगळं तेल तांड्याच्या तोंडाशी सांडेल आणि मला ते कार्ड सरांना परत न्यावं लागेल. पण दोनदा माप फेकलेली मुलगी तुम्हाला तिसऱ्यांदा कसं सांगणार की तो दगड काढा? तो घाण आहे की माप, हे तुम्हालाच ठाऊक. माप असेल तर राहू द्या. मी गाडी अलीकडे थांबवायला सांगीन आणि मामी तिथवर चालत येईल. फक्त तसं मामीला तुम्ही सांगा.